विश्लेषण : ‘तुम्ही समाधानी आहात का?’ लेकरू दवाखान्यात असताना आई-बाबांना हा प्रश्न विचारून नेमकं काय कळतं?

डिस्चार्जचा दिवस. पाच दिवसांनी लेकरू घरी निघालंय. आईच्या एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात केसपेपर, कडेवर पेंगुळलेलं बाळ. बाबा शिक्क्याच्या रांगेत. खाली रिक्षा थांबलीय. तेवढ्यात एक फॉर्म पुढे येतो. “ताई, एवढं भरून द्या. पाचपैकी एका आकड्यावर गोल करायचा, बस.”

आई भराभर सगळीकडे पाचवर गोल करते, सही करते आणि निघते.

महिनाअखेरीला अशा सगळ्या फॉर्मांची बेरीज होते आणि बालरुग्ण विभागाच्या भिंतीवर कागद लागतो : ‘रुग्ण समाधान’ इतके टक्के.

हा प्रसंग उदाहरणादाखल आहे, पण मुलाला घेऊन दवाखान्यात राहिलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. त्या आईनं खोटं लिहिलं का? नाही. लेकरू बरं झालं, ती खरंच समाधानी आहे. पण त्याच पाच दिवसांत सलाईनमधून बाळाला काय दिलं जातंय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या रात्री ‘बाळ सुस्त वाटतंय’ म्हणून ती सिस्टरकडे तीनदा गेली, तेव्हा ‘सकाळी डॉक्टर राउंडला येतील तेव्हा बोला’ एवढंच उत्तर मिळालं होतं. हे लिहायला फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

आई-बाबांचं समाधान मोजण्याची पद्धत आता सरकारी आणि खासगी, दोन्हीकडे रुळली आहे. त्यावर प्रमाणपत्रं मिळतात, बक्षिसं मिळतात, जाहिरातीही होतात. म्हणूनच हा आकडा कसा तयार होतो आणि त्यातून काय निसटतं, हे समजून घ्यायला हवं.

मुळात आई-बाबांना विचारायचं कशासाठी?

मोठ्या माणसाला दुखतंय कुठे, औषध घेतल्यावर काय झालं, हे तो स्वतः सांगू शकतो. तान्हं बाळ सांगू शकत नाही. त्याच्या वतीनं बोलणारे दोघेच : मॉनिटर आणि आई-बाबा.

त्यात आई-बाबा नुसते बघेही नसतात. वॉर्डात बाळाला दूध पाजणं, ताप मोजायला मदत करणं, सुईची जागा सुजलीय का हे बघणं, रात्री जागणं, ही कामं तेच करतात. उपचारांचा मोठा भाग त्यांच्या हातून होतो.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका अभ्यासानं दाखवलं. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांतल्या पाच रुग्णालयांत कमी वजनाच्या नवजात बाळांवर तो झाला. भारतातलं रुग्णालय होतं दिल्लीचं सफदरजंग. एका गटातल्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या छातीशी ठेवलं गेलं, म्हणजे ‘कांगारू केअर’ दिली गेली. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट टाकली. दुसऱ्या गटात बाळ स्थिर झाल्यावर ही पद्धत सुरू केली, जसं सर्वसाधारणपणे केलं जातं. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटात २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण १२ टक्के होतं, तर दुसऱ्या गटात १५.७ टक्के.

म्हणजे ‘आईला बाळाजवळ राहू दिलं का?’ हा प्रश्न दिसतो सोयी-गैरसोयीचा, पण त्याच्या उत्तरावर बाळाचा जीव अवलंबून असू शकतो. भारतातही केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१७ मध्ये नवजात बाळांच्या विभागात कुटुंबाला सामील करून घेण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हात कसे धुवायचे, दूध कसं पाजायचं, धोक्याची लक्षणं कोणती, हे पालकांना शिकवायचं आणि त्यांना आत येऊ द्यायचं, असा त्यांचा गाभा आहे.

मग कागदावर लिहिलेलं हे सगळं वॉर्डात खरंच घडतंय का? ते सर्वांत नेमकं कोण सांगू शकेल? अर्थात, तिथे दिवस-रात्र बसलेले आई-बाबा.

आपल्याकडे सध्या कसं मोजतात?

सरकारी दवाखान्यांत प्रामुख्यानं दोन वाटा आहेत.

पहिली, ‘मेरा अस्पताल’. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू केली. रुग्णानं नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाइल नंबरवर एसएमएस किंवा फोन येतो. अ‍ॅप आणि वेबसाइटवरूनही मत देता येतं. समाधानी आहात की नाही, हे विचारलं जातं. ‘नाही’ म्हटलं, तर कारण निवडायचं : कर्मचाऱ्यांची वागणूक, स्वच्छता, खर्च, उपचारांचा दर्जा किंवा इतर काही.

दुसरी, राष्ट्रीय गुणवत्ता मानकं. सरकारी रुग्णालयाला या मानकांचं प्रमाणपत्र हवं असेल, तर तपासणीत किमान ७० टक्के गुण लागतात. रुग्णांचं समाधान नियमितपणे मोजणं आणि त्यावर कृती करणं, हा त्या तपासणीचा भाग आहे. सुरुवातीच्या प्रसंगातला एक ते पाचचा फॉर्म याच प्रकारचा.

याच मानकांच्या छत्राखाली १७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘मुस्कान’ हा उपक्रम सुरू झाला. जन्मापासून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सरकारी दवाखान्यांतल्या सेवा सुरक्षित आणि मुलांना आपल्याशा वाटतील अशा असाव्यात, हा त्याचा हेतू. आजारी नवजात बाळांचा विभाग म्हणजे एसएनसीयू, मुलांचा वॉर्ड, ओपीडी आणि कुपोषित मुलांचं पोषण पुनर्वसन केंद्र हे सगळे त्यात येतात.

आता पैशांचा भाग बघा. प्रसूती विभागासाठी २०१७ च्या अखेरीस ‘लक्ष्य’ नावाचा असाच उपक्रम आला होता. त्यात बक्षिसाची तरतूद आहे : वैद्यकीय महाविद्यालयाला ६ लाख, जिल्हा रुग्णालयाला ३ लाख रुपये. त्यासाठीच्या अटींपैकी एक अशी की, किमान ८० टक्के लाभार्थी ‘समाधानी’ किंवा ‘अतिशय समाधानी’ असले पाहिजेत.

हेतू चांगला आहे. रुग्णाच्या मताला पहिल्यांदाच किंमत आली. पण एकाच माणसाकडे फॉर्म भरून घेण्याचं काम असेल आणि त्याच फॉर्मवर विभागाचं बक्षीस ठरणार असेल, तर ‘ताई, पाचवर गोल करा’ असं सुचवण्याचा मोह होणारच. त्यासाठी कुणी वाईट माणूस असावं लागत नाही.

आकडे इतके चांगले का येतात?

जगभरात समाधानाचे आकडे बहुतेक वेळा वरच्या टोकालाच असतात. त्याची कारणं समजायला अवघड नाहीत.

भीड. ज्या सिस्टरनं पाच दिवस बाळाला औषध दिलं, तिच्याच हातात फॉर्म परत द्यायचाय. तिच्यासमोर दोनवर गोल करायला हात धजत नाही.

भीती. बाळ अजून वॉर्डात असताना विचारलं, तर उत्तर देणाऱ्याच्या मनात एकच विचार असतो : आपण नाव ठेवलं आणि बाळाकडे दुर्लक्ष झालं तर? पुढच्या महिन्यात तपासणीला पुन्हा इथेच यायचंय. जवळपास दुसरा दवाखाना नसेल, तर ही भीती आणखी वाढते.

जागा. मादागास्करमध्ये दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्यांची उत्तरं आणि घरी जाऊन विचारलेल्यांची उत्तरं ताडून पाहिली गेली. दवाखान्याच्या दारात लोक जास्त समाधानी होते, घरच्या ओट्यावर कमी.

होला हो. नायजेरियात संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काही रुग्णांसमोर वाक्य ठेवलं, ‘इथली अमुक गोष्ट चांगली आहे.’ इतरांसमोर त्याच गोष्टीबद्दल उलट वाक्य ठेवलं, ‘इथली अमुक गोष्ट वाईट आहे.’ दवाखाने तेच होते. तरी नुसतं वाक्य फिरवल्यावर समाधानाचा आकडा खाली आला. समोरचा जे म्हणतो त्याला मान डोलावण्याची सवय आकड्यात मिसळलेली असते, हे त्यातून दिसलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

भाषा आणि फोन. मेळघाटातल्या कोरकू, नंदुरबारमधल्या पावरा किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या आईपुढे छापील मराठी फॉर्म आला, तर तो भरतो दुसराच कुणी. एसएमएस आला, तरी नोंदवलेला नंबर वडिलांचा किंवा मामांचा असू शकतो. वॉर्डात रात्री काढल्या आईनं आणि मत दिलं घरी असलेल्यानं, असं सहज होतं.

ज्यांना विचारलंच जात नाही. हे कारण सगळ्यांत गंभीर आहे. फॉर्म मिळतो डिस्चार्जच्या वेळी, म्हणजे बाळ बरं होऊन घरी जाताना. ज्यांना ‘वरच्या दवाखान्यात न्या’ म्हणून रात्रीतून पाठवलं, ते या मोजणीत नसतात. जे कंटाळून किंवा पैसे संपले म्हणून स्वतःच्या जबाबदारीवर मुलाला घेऊन गेले, तेही नसतात. आणि ज्यांचं बाळ परत आलंच नाही, त्यांना फॉर्म कोण देणार?

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या विभागात आग लागली आणि १० बाळं दगावली. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाल्याची बातमी आली. त्यात १२ नवजात बाळं होती. अशा आई-बाबांना डिस्चार्जच्या फॉर्मवर जागा नसते. ज्यांचं म्हणणं व्यवस्थेनं सर्वांत आधी ऐकायला हवं, तेच सरासरीतून वगळले जातात.

मग प्रश्न कसा विचारायचा?

या क्षेत्रात गेल्या काही दशकांत एक मोठा बदल झाला. ‘समाधान’ मोजण्याऐवजी ‘अनुभव’ मोजायला सुरुवात झाली. फरक उदाहरणातून लगेच कळेल.

समाधानाचा प्रश्न : डॉक्टरांच्या वागण्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?
अनुभवाचा प्रश्न : डॉक्टरांनी बाळाचा आजार तुम्हाला समजेल अशा भाषेत किती वेळा सांगितला? कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा की नेहमी?

समाधानाचा प्रश्न : औषधोपचार कसे वाटले?
अनुभवाचा प्रश्न : औषध देण्याआधी बाळाचं नाव किंवा हातातला पट्टा तपासला जात होता का?

समाधानाचा प्रश्न : एकूण सेवा कशी होती?
अनुभवाचा प्रश्न : घरी गेल्यावर कोणती लक्षणं दिसली तर लगेच परत यायचं, हे कुणी सांगितलं का?

पहिल्या प्रकारात आई मत देते आणि मतात भीड येते, अपेक्षा येते. ज्यानं आयुष्यभर दवाखान्यात हिडीसफिडीसच पाहिली, त्याला कुणी नीट बोललं तरी पाचपैकी पाच द्यावेसे वाटतात. दुसऱ्या प्रकारात ती साक्ष देते. काय घडलं, काय घडलं नाही, एवढंच सांगायचं. आणि रुग्णालयालाही काय दुरुस्त करायचं ते कळतं. ‘समाधान ८८ टक्के’ वाचून कुणाला काही करता येत नाही. ‘शंभरातल्या चाळीस जणांना धोक्याची लक्षणं सांगितलीच नाहीत’ हे कळलं, तर दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करता येतं.

अमेरिकेत मुलांच्या रुग्णालयांसाठी अशी प्रश्नावली बॉस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या गटानं तयार केली. ३४ राज्यांतल्या ६९ रुग्णालयांत ती तपासून पाहिली. तिचे विषय बघा : पालकांशी संवाद, मुलाशी संवाद, सुरक्षितता आणि वेदना, वॉर्डातलं वातावरण. त्यात एक प्रश्न असाही आहे की, उपचारांत चूक होतेय असं वाटलं तर कुणाला सांगायचं, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? वेगवेगळ्या रुग्णालयांची तुलना झाली, तेव्हा चुका टाळणं आणि शंका मांडायला मदत करणं या विषयावर सर्वांत कमी गुण पडले. नुसतं समाधान विचारलं असतं, तर हे झाकलेलंच राहिलं असतं.

गुण मोजण्याची रीतही वेगळी आहे. तिथे फक्त ‘नेहमी’ हे उत्तर धरतात. समजा, १०० पालकांपैकी ६० जण ‘नेहमी’, ३० जण ‘बहुतेक वेळा’ आणि १० जण ‘कधीकधी’ म्हणाले. नेहमीच्या हिशोबात याला ‘९० टक्के चांगलं’ म्हणता येईल. या पद्धतीत ते ६० टक्के ठरतं. कारण औषध देण्याआधी नाव ‘बहुतेक वेळा’ तपासणं पुरेसं नसतं.

नेदरलँड्समध्ये मुलांच्या अतिदक्षता विभागांसाठी ‘एम्पॅथिक’ ही प्रश्नावली देशातल्या आठही विद्यापीठ रुग्णालयांच्या मदतीनं घडवली गेली. प्रश्न ठरवतानाच पालकांना सोबत घेतलं. माहिती, उपचार, पालकांचा सहभाग, विभागाची व्यवस्था आणि कर्मचाऱ्यांची वृत्ती असे पाच भाग त्यात आहेत. आधी ६५ विधानं होती, पुढे ३० विधानांची छोटी आवृत्ती निघाली. कारण चार रात्री जागलेल्या आईकडून ६५ उत्तरांची अपेक्षा करणं हाही एक प्रकारचा अन्यायच.

इंग्लंडमध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं गेलं. तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ८ ते १५ वर्षांच्या मुलांना थेट विचारतात. सुई टोचण्याआधी सांगितलं का, दुखत असताना कुणी मदत केली का, याची उत्तरं मूल स्वतः देतं. आई-बाबांना स्वच्छता खटकते, दहा वर्षांच्या मुलाला रात्रीचा गोंगाट. दोघांनाही विचारल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

समाधानी म्हणजे सुरक्षित का?

इथे एक सावधगिरी हवी. अमेरिकेत ५० हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. सर्वांत समाधानी असलेल्या गटाचा उपचारांवर खर्च जास्त होता आणि मृत्यूचा धोकाही २६ टक्क्यांनी जास्त आढळला. समाधानामुळे मृत्यू होतात, असं यातून सिद्ध होत नाही. पण खूश रुग्ण म्हणजे चांगला उपचार, हे समीकरण सरळ नाही, एवढं नक्की कळतं.

तिथेच ऑक्टोबर २०१२ पासून प्रौढांच्या रुग्णालयांचं सरकारी अनुदान रुग्णांच्या मतांशी जोडलं गेलं. त्यात ‘तुमच्या वेदना नीट आटोक्यात ठेवल्या का?’ असा विषय होता. पुढे अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनाचं संकट वाढलं, तेव्हा हा प्रश्न डॉक्टरांवर औषधं लिहिण्याचा दबाव आणतोय अशी टीका झाली. २०१८ पासून तो पैशांच्या हिशोबातून काढून टाकला.

आपल्याकडे याचं रूप वेगळं आहे. ‘सलाईन लावलं की पोरगं लगेच तरतरीत होतं’, ‘त्या डॉक्टरांनी नुसतंच पाहिलं, औषध लिहिलंच नाही’, ही वाक्यं कुठल्याही ओपीडीबाहेर ऐकू येतात. साध्या सर्दीला अँटिबायोटिक न देणारा डॉक्टर बरोबर असतो, पण त्याला तारे कमी मिळतील का?

याचं उत्तर अनपेक्षित आहे. १९९९ मध्ये अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत एक अभ्यास झाला. पालकांना अँटिबायोटिक हवंय असं डॉक्टरांना वाटलं, तेव्हा त्यांनी ६२ टक्के वेळा ते लिहिलं. हवं नाहीये असं वाटलं, तेव्हा फक्त ७ टक्के वेळा. पण पालकांचं समाधान अँटिबायोटिक मिळालं की नाही, यावर अवलंबून नव्हतं. डॉक्टर आपल्याशी नीट बोलले का, यावर होतं.

म्हणजे डॉक्टरांनी पालकांचं मन ओळखण्यात चूक केली. औषधापेक्षा पालकांना समजावून सांगणारा माणूस हवा होता.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. आई-बाबांना जे दिसतं, तेवढंच ते सांगू शकतात. विभागातली वीजजोडणी सुरक्षित आहे का, धूर ओळखणारी यंत्रणा चालू आहे का, रात्रपाळीला पुरेशा परिचारिका आहेत का, हे कुठलीही प्रश्नावली सांगणार नाही. तिथे तपासणीच लागते. भिंतीवरचा ‘९५ टक्के समाधान’ हा कागद फायर ऑडिटची जागा घेऊ शकत नाही.

आईला वाटणारी काळजी हाही एक आकडा आहे

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००७ साली रायन सॉन्डर्स हा तीन वर्षांचाही न झालेला मुलगा रुग्णालयात दगावला. त्याची तब्येत बिघडतेय हे आई-बाबांना जाणवत होतं, पण त्यांच्या म्हणण्यावर वेळेत कृती झाली नाही. त्यानंतर तिथे ‘रायन्स रूल’ आला. आधी वॉर्डातल्या नर्सला किंवा डॉक्टरला सांगा, मग तिथल्या प्रमुख नर्सला, आणि तरीही समाधान झालं नाही तर ठरलेल्या नंबरवर फोन करून स्वतंत्र तपासणी मागा. हा पालकांचा हक्क.

इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये १३ वर्षांच्या मार्था मिल्सचा मृत्यू झाला. सायकलवरून पडून झालेल्या इजेनंतर तिला जंतुसंसर्ग झाला होता. कुटुंबानं काळजी बोलून दाखवली होती. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं, तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. तिच्या आईनं लढा दिला आणि २०२४ पासून इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ‘मार्थाज रूल’ लागू व्हायला सुरुवात झाली.

ही फक्त भावनेपोटी केलेली सोय नाही. मेलबर्नमधल्या मुलांच्या रुग्णालयात नर्स ताप आणि नाडी तपासताना पालकांना एक प्रश्न विचारू लागल्या : ‘तुमच्या मुलाची तब्येत बिघडतेय, अशी काळजी तुम्हाला वाटतेय का?’ चोवीस हजारांहून अधिक वेळा रुग्णालयात आलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. २०२५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांच्या पालकांनी काळजी व्यक्त केली, त्या मुलांना अतिदक्षता विभागात हलवावं लागण्याची शक्यता सुमारे चौपट होती. काही मुलांच्या बाबतीत तर मॉनिटरवरचे आकडे बिघडण्याआधीच आई-बाबांना ते कळलं होतं.

डिस्चार्जच्या दिवशी विचारलेला प्रश्न पुढच्या मुलाच्या कामी येतो. मुक्कामात रोज विचारलेला प्रश्न त्याच मुलाच्या कामी येऊ शकतो.

महाराष्ट्राला हे नवीन आहे का?

अजिबात नाही. ग्रामीण आरोग्य अभियानाअंतर्गत २००७ मध्ये महाराष्ट्रात ‘लोकाधारित देखरेख’ सुरू झाली. अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद, असे सुरुवातीचे पाच जिल्हे होते. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे राज्य पातळीवरच्या समन्वयाचं काम होतं. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतीपुस्तक भरायचं. चांगलं असेल तर हिरवा रंग, बरं असेल तर पिवळा, वाईट असेल तर लाल. अक्षर न ओळखणाऱ्या बाईलाही रंग कळतो.

पण खरी ताकद रंगांत नव्हती. पुढे जनसुनवाई व्हायची. गावकरी, डॉक्टर आणि अधिकारी एकाच मांडवात बसायचे. लाल रंग का पडला, ते लोक सांगायचे आणि अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागायचं. मोजणी आणि जाब एकमेकांना जोडलेले होते.

आजच्या एसएमएसमध्ये नेमकं हेच हरवतं. आई ‘असमाधानी’ दाबते, कारण निवडते आणि पुढे काय झालं ते तिला बहुधा कधीच कळत नाही. ज्याचं उत्तर येत नाही, अशा प्रश्नाला माणूस दुसऱ्यांदा मनापासून उत्तर देत नाही.

मुलांच्या विभागांसाठी यातून काही साधे बदल सुचतात. फॉर्म भरून घेणारा माणूस त्या वॉर्डातला नसावा. डिस्चार्जनंतर आठ-दहा दिवसांनी, घरच्या भाषेत, ज्या माणसानं बाळाजवळ रात्री काढल्या त्याच्याशी बोललं जावं. गावात हे काम आशाताईंच्या ओळखीतून होऊ शकेल, मात्र त्यांच्यावर आधीच असलेल्या कामाचा विचार करून आणि मोबदला देऊन. दुसरीकडे पाठवलेल्या, स्वतःहून निघून गेलेल्या आणि बाळ गमावलेल्या कुटुंबांशी वेगळं, संवेदनशीलपणे बोललं जावं. आणि दर तीन महिन्यांनी वॉर्डाच्या दारावर दोन ओळी लागाव्यात : ‘पालकांनी हे सांगितलं. आम्ही हे बदललं.’

एक इशाराही. ज्या वॉर्डात महिन्याला वीसच मुलं येतात, तिथे दोन पालक नाराज झाले की आकडा दहा टक्क्यांनी हलतो. त्यावरून एखाद्या सिस्टरला नोटीस देणं किंवा बक्षीस देणं, दोन्ही चूक. एका सिस्टरकडे पंधरा बाळं असतील, तर तिच्या ‘वागणुकीला’ पडलेले कमी गुण मुळात रिक्त पदांचे गुण असू शकतात.

तोपर्यंत आई-बाबा म्हणून तुम्ही काय करू शकता?

- फॉर्मवर फक्त गोल करू नका. खाली एक ओळ लिहा : काय घडलं, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी. ‘सेवा वाईट’ यापेक्षा ‘मंगळवारी रात्री दोन तास कुणी आलं नाही’ याचा उपयोग जास्त. चांगलं घडलं असेल, तर तेही असंच नेमकं लिहा.
- भरती झाल्याच दिवशी विचारून ठेवा : रात्री बाळाची तब्येत बिघडली, तर कुणाला सांगायचं? त्यांनी ऐकलं नाही, तर त्यांच्या वर कोण?
- काळजी वाटत असेल, तर स्पष्ट शब्दांत सांगा : ‘बाळ काल असं नव्हतं, आज हे हे वेगळं दिसतंय.’ आईला आपल्या बाळाचं नेहमीचं रूप माहीत असतं. डॉक्टरांना ते माहीत नसतं.
- केसपेपर आणि तपासण्यांची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायला हव्यात.
- खासगी नर्सिंग होमसाठी महाराष्ट्रात २०२१ मध्ये सुधारित नियम आले. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे आणि तक्रारींसाठी स्थानिक पातळीवर कक्षाची तरतूद आहे. सनद दिसली नाही, तर विचारा.
- ऑनलाइन तारे देताना आधी विचार करा : मी एसी आणि सोफ्याला गुण देतोय, की बाळाला मिळालेल्या उपचारांना?

आई-बाबांकडून रुग्णालयाला पाचपैकी पाच मिळणं सोपं आहे. लेकरू बरं झालं की माणूस सगळं विसरतो, आणि विसरावंच. पण त्या रात्री तीनदा सिस्टरकडे गेलेल्या आईला जे दिसलं होतं, ते कुठेतरी नोंदवलं गेलं, तर त्याच खाटेवर उद्या येणाऱ्या बाळाची आई एकदाच जाईल आणि तिचं ऐकलं जाईल. फॉर्म छापायचा असेल, तर एवढ्यासाठी छापावा.